अकरा वाजताचं जनावर

आमचे घरमालक काका कम्प्युटरच्या खोलीत शिरताना चपला उंबऱ्याबाहेर काढत, खिशातला किल्ल्यांचा जुडगा काकूंच्या हातात देत आणि खोकायचं असेल तर बाहेरच खोकून घेत. मग पाय न वाजवता जाऊन खुर्चीच्या काठावर बसत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आत कोणी आजारी माणूस निजलं आहे.

"आजारी कायले राहील?" काकू म्हणाल्या. "आत त्यांचं जंगल आहे."

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. सीताबर्डीवर एका अरुंद जिन्याच्या वर कम्प्युटरचे वर्ग निघाले होते आणि तिथे शिकवायला मी वर्ध्याहून नागपुरात आले होते. रविवार धरून रोज सकाळी आठ ते बारा वर्ग, पुन्हा संध्याकाळी वर्ग. फुटाळा तलावाच्या अलीकडे या काकांच्या घरात वरची खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून गेले, तर भाड्याचं बोलणं राहिलं बाजूला आणि माझीच परीक्षा सुरू झाली.

"काय शिकवता जी तुमी?"

"कम्प्युटर."

"मंग आतले सगळे ओळखता?"

"कोण आतले?"

"आतले जी! आत कोण कोण राहते ते."

मी म्हटलं, आत प्रोग्राम असतात. "किती?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तसं काही सांगता येत नाही. चितळ आणि सांबर यांतला फरक न कळणाऱ्या नव्या वनरक्षकाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "घ्या खोली. शिकाल."

काका वनखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झाले होते. सारी नोकरी पेंच आणि पारशिवनीच्या बाजूला. वाघाच्या पावलाचा ठसा पाहून तो नर की मादी, लंगडतो की धड चालतो, घाईत होता की पोटभर जेवून फिरत होता, हे सांगणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. निवृत्तीनंतर घरात बसून ते काकूंच्या डब्यांची जागा बदलू लागले. तेव्हा हैदराबादला इंजिनीअर असलेल्या त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं ऑफिसात मोडीत काढलेला कम्प्युटर विकत घेतला आणि रेल्वेनं जवळजवळ मांडीवर घेऊन नागपूरला आणला. बाबा पत्रं टाइप करतील, आठवणी लिहितील, असं तिला वाटलं होतं. बाबांनी त्यावर कधी एक पोस्टकार्डसुद्धा लिहिलं नाही. त्यांना फक्त आत कोण आहे ते हवं होतं.

यात माझाही दोष आहे. त्या काळचं मशीन एका वेळी एकच काम करतं, असं आम्ही वर्गात छातीठोकपणे सांगायचो. ते अर्धंच खरं होतं. काही छोटे प्रोग्राम मशीन सुरू होताना जागे होत, काम संपल्याचं सोंग करत आणि मेमरीच्या कोपऱ्यात बसून राहत. पडद्यावर त्यांचा मागमूस नसे. वेळ आली की डोकं वर काढत, काम करत आणि पुन्हा गप्प. हे काकांना समजावताना मी बोलून गेले, "म्हणजे काका, ते तिथे दबा धरून बसलेले असतात." दबा हा शब्द मी वापरायला नको होता. त्या दिवसापासून त्या घरात दुपारी दोन ते चार मला झोप मिळाली नाही.

मशीनला त्यांनी खोळ शिवून घेतली होती ती स्वतःच्या जुन्या खाकी सदऱ्याची. शिंप्यानं खांद्यावरच्या पट्ट्या तशाच ठेवल्या होत्या, त्यामुळे झाकलेलं मशीन दुरून एखाद्या बुटक्या अंमलदारासारखं दिसे. आणि एक खाकी पुठ्ठ्याची वही होती. तिच्यात रकाने आखलेले: नाव, वजन, वेळ, आवाज, स्वभाव, साक्षीदार. वजन म्हणजे त्या प्रोग्रामनं मेमरीतली किती जागा अडवली तो आकडा. मशीनला एक हुकूम दिला की शेवटी किती जागा शिल्लक आहे ते पडद्यावर येई. दुसरा कोणी तो आकडा वहीत उतरवून मोकळा झाला असता. काका कपाटातून काच काढत.

जंगलात वाघाच्या ठशावर काच धरायची, तिच्यावर पेनानं ठसा गिरवायचा आणि मग तो काचेवरून पातळ कागदावर उतरवायचा, अशी त्यांची रीत. तीच काच ते रोज सकाळी पडद्यावर टेकवत आणि जीभ दातांत धरून आकडा गिरवत. मग कालचा कागद आणि आजचा कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरत.

"काका, आकडा आहे तो. नुसता लिहा ना."

"लिहिताना माणूस मनातला आकडा लिहिते, मास्तरीणबाई. गिरवताना समोरचा लिहिते."

वर्गात शंभरदा सांगूनही चुकीचे आकडे उतरवणारी पोरं मला आठवली.

ओळख पटलेल्या प्रत्येक प्रोग्रामला त्यांनी जनावराचं नाव दिलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदासेकंदानं घड्याळ दाखवणारा तो खार, कारण क्षणभर स्वस्थ बसत नाही. प्रिंटर सांभाळणारा तो अस्वल, कारण जागा झाला की गुरगुरतो. सगळ्यांच्या मुळाशी बसलेली जी मोठी यंत्रणा तिला गवा म्हणत. "हलत नाही, पण त्याच्या अंगावर जाऊ नये."

घुबडाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. पाच मिनिटं कोणी बटणाला हात लावला नाही की पडदा काळा करणारा एक प्रोग्राम त्या मशीनमध्ये होता. पडद्याची काच जळून डाग पडू नये म्हणून तेव्हा सगळेच तो वापरत. पहिल्यांदा पडदा काळा झाला तेव्हा काका बाहेर येऊन काकूंना म्हणाले, "मेलं." काकूंनी पदर खोचला, आत जाऊन बटणांवरून फडकं फिरवलं आणि पडदा लख्ख झाला. दोन दिवस त्या मोठ्या तोऱ्यात होत्या. काकांनी मात्र दुसऱ्या दिवसापासून मचाण लावलं. मचाणावर आठ आठ तास पापणी न हलवता बसलेला माणूस. ते समोर दगडासारखे बसत आणि पाच मिनिटांनी पडदा विझे. बोट लावलं की परत उजेड. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी मला जिन्यातच गाठलं.

"हे उलटं जनावर आहे जी. आजवर माणूस हलला की जनावर पळे. हे माणूस स्थिर बसला की येते."

मी एका वाक्यात उलगडा केला, तर केवढे चिडले! "तुमाले कोणी विचारलं? सांगितलेलं जनावर आपलं नसते. आपण ओळखलेलंच आपलं." आणि वहीत साक्षीदाराच्या रकान्यात माझं नाव येणार होतं ते त्यांनी येऊ दिलं नाही.

मला राग यायचा, खोटं कशाला सांगू? चार दिवसांची माझी विद्या मला फार मोठी वाटे. न ओळखणारा प्रोग्राम दिसला तर काय करायचं, याचं वर्गातलं आमचं उत्तर सोपं होतं: काढून टाका. एकदा मी काकांना तसं म्हणाले. त्यांनी वहीचं पहिलं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. दोन जुने पिवळे कागद एकत्र टाचलेले होते; दोन्हीवर वाघाच्या पावलाचे ठसे.

पुष्कळ वर्षांपूर्वी, वाघाची शिकार अजून बंद झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. पारशिवनीकडच्या एका गावात ढोरं मारली जात होती. गावकरी पेटलेले, वरचे साहेब घाईला आलेले. एक वाघीण त्या भागात दिसली होती. हीच का, असं काकांना विचारलं गेलं. दोन्ही ठसे, मेलेल्या ढोराजवळचा आणि तिचा, त्यांच्या पिशवीत होते. त्यांनी ते काढले नाहीत आणि म्हणाले, हीच. वाघीण मारली गेली. आठ दिवसांनी पुन्हा एक गोऱ्हा मेला.

"तेव्हा कागद काढले," काका म्हणाले. "बोटभराचा फरक होता. कागदं एकावर एक ठेवाले दोन मिनिटं लागते. म्या ठेवले नाहीत."

म्हणून त्या घरात नियम होता: ओळख पटल्याशिवाय मारायचं नाही. झुरळापासून प्रोग्रामपर्यंत. झुरळाच्या बाबतीत काकू तो पाळत नसत.

पहाटे काका फुटाळ्यावर फिरायला जात. मला लवकर जाग आली तर मीही जाई. चालता चालता ते झाडं दाखवत, मातीवरचे कुत्र्याच्या पायांचे ठसे वाचून दाखवत. लेकीला लहानपणी जंगलात नेत, तेव्हा तिला शिकवलेला पहिला धडा त्यांनी मलाही दिला. "टिटवी ओरडली की पाऊल जिथं आहे तिथंच. पुढचं टाकायचं नाही. ती उगीच नाही ओरडत." आणि मग खंतावून म्हणत, "पण आता टिटव्या गेल्या इथून. पाणी खराब झालं. दोन साल झाले, एक ओरडून नाही राहिली."

नेमकी तेव्हाच एक टिटवी आमच्या डोक्यावरून कर्कश ओरडत गेली. मला वाटलं, ही वेगळी असेल. पक्ष्याच्या बाबतीत रेंजरशी कोण वाद घालणार? मी हो म्हणाले. आजकालच्या पोरी तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, अशीही त्यांची एक तक्रार होती. ती मी मनावर घेऊन वर्गात मोठ्यानं बोलू लागले होते.

त्या वर्षी होळीला लेक चार दिवस आली आणि त्याच चार दिवसांत पारशिवनीहून नवा तरुण रेंजर येऊन गेला. मे महिन्यात पाणवठ्यांवर वाघांची मोजणी होती. निवृत्तीनंतरही दर वर्षी काकांना बोलावणं येई. पहाटे वनरक्षकांची पहिली तुकडी पायी निघे, तिच्या पुढे काका. जंगलात पुढच्या माणसाचं काम डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त असतं. चितळ ओरडलं, वानर खेकसलं, की वाघ कुठे आहे ते कळतं आणि मागच्या दहा माणसांचा जीव शाबूत राहतो. वर्षातले बाकीचे एकावन्न आठवडे काका त्या एका आठवड्यासाठी काढत.

"येतो ना गा!" ते रेंजरला म्हणाले. "पहिली तुकडी माही."

काकूंनी चहाचे कप उचलले आणि रेंजर जाईपर्यंत थांबल्या. मग फट्कन बोलल्या. काकांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती. रोज अकरा वाजता घ्यायची, आणि रोज अकरा वाजता घरात भांडण. ही आठवण करून देणार, हे 'माहीत आहे मले' म्हणून खेकसणार, गोळी तशीच राहणार.

"आजपासून मी आठवण करून देत नाही," काकू म्हणाल्या. "मे महिन्यापर्यंत आपल्या मनानं रोज गोळी घ्या, मंग जा जंगलात. नाही त नाही. चक्कर येऊन पडलं माणूस त्या नाल्यात, त कोण आणीन?"

"घेतो न वं. एवढं काय त्यात?"

हे सगळं लेकीदेखत आणि माझ्यादेखत झालं. लेक दुसऱ्या दिवशी हैदराबादला गेली.

आणि त्याच आठवड्यात काका दुपारी माझ्या दाराशी आले. हातात दोन कागद. "नवीन जनावर आलं आहे."

मी कागद एकावर एक धरून उजेडात पाहिले. शिल्लक मेमरीचा आकडा दोन हजारांहून थोडा जास्तच उतरला होता. एवढ्या जागेत काही तरी नव्यानं येऊन बसलं होतं. मशीन सुरू होताना कोणाकोणाला उठवायचं त्याची एक यादी आत असते, ती मी उघडली. ओळखीची सगळी नावं होती आणि शेवटी एक नवी ओळ. नाव म्हणजे इंग्रजीतलं नुसतं एक अक्षर: टी.

"काढून टाकू? ही ओळ खोडली की उद्यापासून येणार नाही."

काकांनी माझा हात धरला. अक्षरशः धरला. "ओळख पटली का?"

"नाही, पण—"

"मंग?"

मी हात मागे घेतला आणि मनात म्हटलं, बसा आता काच घेऊन.

ते बसले. पंधरा दिवस बसले. एप्रिल तापला, खिडकीत वाळ्याचे पडदे लागले, कूलर घोंघावू लागला, मी घामाघूम होऊन वर्गातून परत आले की काका रोजचा अहवाल द्यायचे. हे जनावर काही खात नाही. फाइलींना हात लावत नाही. प्रिंटरकडे फिरकत नाही. त्यांनी सकाळ तासातासांत विभागून पहारा केला आणि अखेर त्यांना माग लागला. रोज सकाळी मशीनमध्ये वेळ भरावी लागे, ती ते मनगटावरच्या घड्याळाशी जुळवून भरत. ठीक अकराला पडद्यावरची खार थबकते. अकरा वाजून शून्य सेकंदावरून एकदम तीनवर उडी मारते. मधले दोन सेकंद दिसतच नाहीत.

"खार काहून थांबते?" त्यांनी मला विचारलं. डोळे चमकत होते. "जंगलात खार थांबली म्हणजे खालून कोणीतरी जाऊन राहिलं."

मला कबूल करावं लागलं की हे माझ्या ध्यानात कधीच आलं नसतं. वहीत त्यांनी लिहिलं होतं: नाव टी, वेळ अकरा, स्वभाव गरीब, आवाज मुका.

घरात एकीकडे हा आनंद आणि दुसरीकडे काकू तोंड मिटून वावरत होत्या. अकराच्या आधी त्या गोळी आणि पाण्याचा पेला मशीनशेजारी ठेवत आणि बारा वाजता पाहत, तर दोन्ही तसंच. ती गोळी उचलून त्या एका डबीत टाकत. मला म्हणाल्या, "पाहून राहिली मी यांचा हट्ट. दगड आहे वं माणूस, दगड." काका म्हणत, सकाळच्या गडबडीत राहून गेलं. मे महिना जवळ आला तसे मला खरंच काकांचं वाईट वाटू लागलं. एवढं साधं, आणि एवढ्यासाठी जंगल हातचं जायचं!

मग एका सुट्टीच्या दिवशी काकांनी मला साक्षीला बोलावलं. पावणेअकराला आम्ही दोघं आत बसलो. जनावर बुजू नये म्हणून त्यांनी कूलर बंद केला होता. नागपूरच्या एप्रिलमध्ये कूलर बंद करणं म्हणजे काय ते नागपूरकरालाच विचारावं. वाळ्याचा वास, बाहेर ऊन, आत एवढी शांतता की काकूंनी मशीनशेजारी पेला ठेवला त्याचा टक् असा आवाज आला. काकांनी त्यांच्याकडे रागानं पाहिलं. काकू दारातच उभ्या राहिल्या.

दहा एकोणसाठ. काका पुढे झुकले. बोट ओठांवर.

अकरा वाजले आणि मशीन किंचाळलं. कर्कश, चिरका, एका दमात तीनदा. मी खुर्चीतून उडाले. पेल्यावर हात आपटला, पाणी सांडलं.

काकांनी माझा दंड दाबला. "हलू नका जी!" ते कुजबुजले. त्यांची नजर घड्याळावर होती, चेहरा समाधानानं फुलला होता. "पायलं? तीन सेकंद. आलं अन् गेलं. हूं नाही की चूं नाही. असं मुकं जनावर म्या जंगलातबी पायलं नाही."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. थट्टा करताहेत का? ते थट्टा करत नव्हते.

"मुकं?" दारातून काकू बोलल्या. हातात डबी होती. "शेजारची बाई विचारून राहिली, रोज अकराले तुमच्या घरी काय ओरडते म्हणून! अन् तुमी मुकं म्हणता? लेकीनं घंटी बसवली जी तुमच्यासाठी! मी आठवण करून देणार नाही म्हटलं, मंग तिनं म्हटलं यंत्र देईन. पडद्यावर अक्षरं काढली की मशीन अडकून राहिलं होतं, म्हणून नुसती घंटी ठेवली. घंटी वाजली की तुमी इकडं तिकडं पाहाल, गोळी दिसन, घ्याल. माह्यं नाही ऐकत त नाही, पण लेकीचंबी—"

आणि त्या मध्येच थांबल्या. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. मला त्यांच्या. उरले काका.

"कोणती घंटी?" ते म्हणाले.

आधी त्यांना वाटलं, आम्ही दोघी मिळून त्यांची फिरकी घेत आहोत. मग ते म्हणाले, "पुन्हा करा."

मी मशीनमधली वेळ मागे नेली, दहा एकोणसाठ. पुन्हा अकरा वाजले, पुन्हा ती किंकाळी. या वेळी काका पडद्याकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. चितळानं कान टवकारले की वाघ कुठे आहे ते कळतं, तसा तो आवाज ते माझ्या तोंडावर शोधत होते. तो त्यांना सापडला असावा, कारण त्यांनी मान खाली घातली.

"आणखी एकदा."

तिसऱ्या वेळी त्यांनी खोळ बाजूला करून मशीनच्या पत्र्यावर तळहात ठेवला. अकरा वाजले. "हं," ते म्हणाले. "थरथरते."

मला इतकं लाजल्यासारखं झालं होतं की उठून जावं असं वाटत होतं, पण पाय निघेनात.

"फुटाळ्यावर टिटव्या आहेत का जी?" त्यांनी विचारलं.

"आहेत काका."

"ओरडते?"

"रोज ओरडतात."

त्यांनी सांडून उरलेल्या पाण्याबरोबर गोळी घेतली, खोळ नीट घातली आणि खोलीतून बाहेर गेले. जाताना चपला घालायला विसरले.

दोन दिवस काका त्या खोलीत आले नाहीत. काकूंनी ती डबी कुठेतरी लपवून टाकली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच विषय काढला. मीही स्वयंपाकघरात होते. "जा तुमी मोजणीले," त्या म्हणाल्या. "मी नाही अडवत. गोळ्यांचं काय, चुकल्या त चुकल्या. तिकडं कोणाले माहीत आहे? दर साली जाता, यंदाबी जा."

त्या माउलीला केवढं जड गेलं असेल ते! तिला त्यांचं जंगल परत द्यायचं होतं. आणि कोणालाच माहीत नव्हतं हेही खरं होतं. ऐकू येत नसताना दोन वर्षं त्यांनी पहिली तुकडी तशीच नेली होती.

काका पोळीचा तुकडा हातात धरून बसले होते. "कागदं एकावर एक ठेवले वं आता," ते म्हणाले. "ओळख पटली."

मे महिन्यात वर्गाला सुट्टी लागली आणि मोजणीच्या आठवड्यात मीही त्या दोघांबरोबर गेले. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात संध्याकाळी सगळे वनरक्षक जमले होते. त्या तरुण रेंजरनं तुकड्या वाचायला सुरुवात केली. पहिल्या तुकडीत काकांचं नाव पुढे होतं. काका उभे राहिले.

"माहं नाव खोड गा."

"काहून साहेब?"

"मले ऐकू येत नाही." काकांनी कानाकडे बोट केलं. "बोलणं येते. बारीक आवाज येत नाही. चितळ ओरडलं त मले कळणार नाही, अन् हे पोट्टे मले पाहून चालतीन." मग त्यांनी घसा साफ केला. "डोळे चांगले आहेत माहे. एक टेबल द्या अन् ठशाचे कागद इथं आणा. एकाच वाघाले दोनदा मोजलं त मी सोडणार नाही."

काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. रडल्या मात्र नाहीत; रडले मीच.

चार दिवस काका त्या टेबलाशी बसले. कागद उजेडात धरायचे, मान हलवायची, नाही तर परत पाठवायचे. एका वनरक्षकाला त्यांनी एकाच नाल्यावर तीनदा धाडलं. तिसऱ्यांदा परत येताना तो पुटपुटत होता, आणि या वेळी तो खरोखरच पुटपुटत होता.

नंतर कानाचं यंत्रही आलं. डॉक्टरांनी ते बसवलं तर काकांनी आधी विचारलं, "हे उघडते का? आत काय काय राहते?" बहुतेक वेळा ते खिशातच असे. अकराला ते मशीनजवळ जाऊन खाकी खोळीवर तळहात ठेवून उभे राहत, आणि हाताला थरथर लागली की गोळी घेत.

लेकीला सगळं कळवलं होतं. तिचं पत्र आलं, त्यात खाली लिहिलं होतं: बाबा, टी म्हणजे टिटवी. काकांनी ते पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं आणि वहीच्या पहिल्या पानावर, त्या दोन पिवळ्या कागदांना टाचून ठेवलं.

दोन वर्षांनी लग्न ठरून मी ती खोली सोडली. जाण्याच्या दिवशी खाली निरोप घ्यायला गेले, तर काका फिरायला गेलेले. खाकी वही टेबलावर होती. मी तिच्यात माझं नाव आता तरी आहे का ते पाहायला पानं उलटली. नव्हतं. टीच्या ओळीत आवाजाच्या रकान्यात 'मुका' हा शब्द खोडलेला होता आणि शेजारी काकांच्या गिरवलेल्या अक्षरात लिहिलं होतं: ओरडते. बायकोले ऐकू येते.